करार सरताना

आमच्या महाविद्यालयाच्या पटांगणावर सायंकाळी बास्केटबॉल खेळणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी परवा आमच्यापुढे एक वाद निवाड्यासाठी आणला. अमेरिकेतील व्यावसायिक संघांत पुष्कळदा असे होते की, एखाद्या उत्तम खेळाडूचा करार हंगामाअखेर संपावयाचा असतो. तो संपला की खेळाडू मोकळा होऊन हवा तेथे जातो व मूळ संघाच्या हाती काहीच उरत नाही. तेव्हा करार जिवंत आहे तोवरच त्यास दुसऱ्या संघाकडे देऊन बदल्यात काही पदरात पाडून घ्यावे की नाही? एक पक्ष म्हणाला, हा निव्वळ हिशेब आहे. दुसरा म्हणाला, ही कृतघ्नता आहे. आम्हांस दोन्ही उत्तरे अपुरी वाटली, म्हणून हा लेखनप्रपंच.

उदाहरणासाठी अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. डोंबिवलीत वाढलेले अजिंक्य रहाणे हे इंडियन प्रीमियर लीगमध्ये राजस्थानच्या संघाचे वर्षानुवर्षे आधारस्तंभ होते. २०१८ च्या मोठ्या लिलावात संघाने त्यांस चार कोटी रुपयांस परत घेतले व कर्णधार केले. २०१९ च्या एप्रिलमध्ये, हंगाम चालू असतानाच, ते पद त्यांच्याकडून काढण्यात आले. दोनच दिवसांनी त्यांनी दिल्लीविरुद्ध नाबाद १०५ धावा केल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते दिल्लीस गेले आणि बदल्यात राहुल तेवतिया व मयंक मार्कंडे राजस्थानास आले. पुढील वर्षी तेवतियांनी शारजाच्या मैदानावर एका षटकात पाच षटकार मारून राजस्थानास सामना जिंकून दिला. हिशेब बरोबर ठरला असे कोणी म्हणेल. परंतु फळ गोड निघाले म्हणून कृती न्याय्य ठरत नाही, तसे ते कडू निघाले असते तरी ती अन्याय्य ठरली नसती.

वर्धा जिल्ह्यातील वाचकांस सालदारी नवी नाही. पाडव्यास साल ठरते, पुढल्या पाडव्यास ते सरते. साल भरल्यावर सालदार दुसऱ्याकडे गेला तर तो त्याचा हक्कच होय. पण 'हा पाडव्यास जाणारच' असे म्हणून माघातच त्यास न विचारता शेजाऱ्याच्या हवाली करणारा आणि मोबदल्यात बैलजोडी घरी आणणारा मालक आपण कल्पून पाहावा. त्याचे कृत्य आपणांस का खटकते? सालदाराने आपले श्रम दिले होते, स्वतःस दिले नव्हते. हिंगणघाटच्या बाजारातून कोठे जावयाचे, हे कापसाच्या गाठीस कोणी विचारीत नाही. माणसास विचारावे लागते.

तथापि हिशेबवाद्यांचे म्हणणे उडवून देण्याजोगे नाही. संघाचे चालक एकट्या खेळाडूस बांधलेले नसतात. इतर खेळाडूंचे श्रम व प्रेक्षकांची निष्ठा त्यांच्या हाती ठेव म्हणून असते. एकाविषयीच्या ममतेपायी सर्वांची हानी करणे हाही विश्वासघातच. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामास राहावयास आले. त्यांचा विश्वस्ततेचा विचार या मुलखास परका नाही. परंतु त्या विचारास दुसरीही बाजू आहे. ज्याच्या घामावर ठेव वाढली, त्याचेही विश्वस्तपण चालकांकडे येते.

मग 'संमती घेतली की झाले' असे वाटेल. प्रीमियर लीगमध्ये अशा अदलाबदलीस खेळाडूची संमती लागते. अमेरिकेत कर्ट फ्लड या बेसबॉलपटूने १९६९ साली न विचारता झालेली बदली नाकारली, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध दिला. म्हणजे आपला नियम त्या मानाने उदार खरा. परंतु 'येथे आता तुझे काम नाही' असे ऐकवून मिळविलेल्या होकाराची किंमत ती काय? शिवाय मोकळीक दोहों बाजूंस सारखी असते काय? राजस्थानशी कराराचे नूतनीकरण न करता दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून रवींद्र जडेजांस २०१० चा संपूर्ण हंगाम खेळू दिले गेले नाही. संघाने सौदा केला तर चातुर्य आणि खेळाडूने केला तर अपराध, हा न्याय लंगडा आहे.

दुसऱ्यांस दोष देताना आमचाही हिशेब मांडला पाहिजे. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यास पुढील वर्षी आपण नाही हे नव्या वेळापत्रकावरून कळले. त्याची मुदत संपली होती. नियमभंग काहीच नव्हता. आम्हांस ती गोष्ट पंधरा दिवस आधी ठाऊक होती. सांगणे आमचे काम नव्हे, अशी आम्ही मनाची समजूत घातली. त्याने आम्हांस नमस्कार केला, तेव्हा ती समजूत टिकली नाही.

म्हणून आमचा निवाडा असा: संघाने सौदा अवश्य करावा, परंतु निर्णय बदलणे शक्य असतानाच खेळाडूस विचारावे, मुदत पुरी होईपर्यंत सन्मानाने राहण्याची वाट त्यास खुली ठेवावी, आणि जी मोकळीक आपण घेतो ती त्यासही द्यावी. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, असे वागून संघ रिकाम्या हाती राहिला तर?" राहीलही. ती किंमत देण्याची तयारी नसेल, तर खेळाडूस 'आपला माणूस' म्हणणे तेवढे संघाने सोडून द्यावे.