परीक्षेसाठी प्रार्थना करावी काय?

दहावीची परीक्षा जवळ आली म्हणजे मंडळीतील आईबाप उपदेशकांकडे येतात आणि आपल्या लेकरास प्रभूने उत्तीर्ण करावे म्हणून प्रार्थना करावयास सांगतात. हे मागणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न कित्येकांस क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही. कारण प्रार्थना करूनही मूल नापास झाले, तर त्याच्या मनात दोनच तर्क उठतात : एक तर देव ऐकत नाही, किंवा देवाला मी नकोसा आहे. यांतील दुसरा तर्क कोवळ्या मनास अधिक घातक होय.

अर्जुनी मोरगावाकडील मुलांचेच पाहा. हा भाताचा मुलूख. शाळा उघडते न उघडते तोच रोवणी लागते. घरची सगळी माणसे बांध्यांतील चिखलात वाकलेली, मग मुलासही पऱ्हे वाहावे लागते. पुढे वार्षिक परीक्षेच्या सुमारास मोहफुले गळू लागतात आणि ती पहाटेच वेचावी लागतात. यावर बोलीचे दुःख निराळेच. घरी झाडीबोली, तीत 'पाणी' शब्दाचा उच्चार 'पानी' असा होतो. तो शब्द वर्गात तोंडातून निघाला की हशा पिकतो. (पानी म्हणून प्याले तरी तहान भागतेच, हे हसणाऱ्यांस कोण सांगणार?) पण ज्याच्या आईच्या बोलीस वर्ग हसला, ते मूल उत्तर येत असतानाही पुढे हात वर करीत नाही.

वाचकहो, पवित्र शास्त्रातही विद्यार्थ्यांची एक गोष्ट आहे. दानीएल व त्याचे तीन सोबती यांस बाबेलात नेऊन तीन वर्षे खास्दी लोकांची भाषा व विद्या शिकविण्यात आली, आणि त्यांची आईबापांनी ठेविलेली नावेही बदलण्यात आली. त्यांनी ती परकी विद्या टाकून दिली नाही. मन लावून शिकले. पुढे त्या तिघां सोबत्यांवर अग्नीच्या भट्टीचा प्रसंग आला, तेव्हा त्यांचे राजास दिलेले उत्तर असे होते, की आमचा देव आम्हांस सोडविण्यास समर्थ आहे. परंतु त्याने न सोडविले तरी आम्ही तुझ्या मूर्तीस नमणार नाही. आमच्या मते त्यांच्या धैर्याचे सर्व बळ या 'तरी' शब्दात आहे. सुटका होईल या हिशेबावर ते उभे नव्हते.

कोणी म्हणेल, फळाशी जिचा संबंध नाही ती आशा कसली? ती तर मनाची समजूत. आक्षेप वजनदार आहे. पण मुलाच्या पाटीकडे पाहावे. आपल्या चुकीमुळे आपण टाकले जाऊ असे ज्यास भय वाटते, ते पाटी झाकते, शेजाऱ्याचे उतरवून काढते, समजले नसता समजले म्हणते. आपण टाकले जाणार नाही अशी ज्याची खात्री आहे, तेच चुकलेले गणित गुरुजींसमोर धरू शकते. तेव्हा ही आशा निकाल बदलीत नसेल, अभ्यास मात्र खचित बदलते.

विचारण्याचे धैर्य किती मोठे असू शकते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग व महार यांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असे तिने त्यात थेट देवासच विचारले. ती ख्रिस्ती नव्हती, आणि तिला आपल्यात ओढून घेणे आम्हांस शोभणार नाही. तथापि देवापुढे निर्भयपणे प्रश्न मांडणे हीही प्रार्थनाच, हे आमच्या मंडळ्यांनी तिच्यापासून शिकण्यासारखे आहे.

म्हणून परीक्षेसाठी प्रार्थना अवश्य करावी. मात्र मुलाच्या देखत देवाशी सौदा करू नये, आणि नापास होणे ही देवाची शिक्षा आहे असे तर कदापि सांगू नये. मोहफुलांच्या दिवसांत ज्यास पहाटेची झोप मिळाली नाही, त्याच्या गुणांचा दोष आपण त्याच्या विश्वासावर कसा घालणार?

निकालाच्या दिवशी पेढे आलेल्या घरी सर्वच जातात. उपदेशकांनी आधी दुसऱ्या घरी जावे. तेथे प्रार्थना थोडक्यात करावी, आणि मग पुरवणी परीक्षेचा अर्ज केव्हा भरावयाचा व गणिताचे पुस्तक कोठे ठेविले आहे, हे विचारावे.