कलावंताचा रकाना

संगणकावर गाण्यांची मांडणी करणाऱ्या मनुष्याला एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो, आणि तो इतक्या साध्या रीतीने विचारला जातो की त्यात काही नैतिक आशय असेल अशी शंकादेखील येत नाही. शीर्षक, कलावंत, संग्रह, वर्ष, प्रकार असे रकाने पडद्यावर उमटतात. ते भरले की गाणे आपल्या जागी बसते. हवे तेव्हा हाक मारावी, ते ओ देते. भरले नाहीत तर यंत्र स्वतःच ‘अननोन आर्टिस्ट’ असे लिहून मोकळे होते. अज्ञात कलावंत! पण अज्ञात कोणाला? यंत्राला, की रकाने भरायला बसलेल्या माणसाला?

मला हा प्रश्न उशिरा पडला. आमच्या धर्मग्रामातील काही घरांत लग्नगीतांच्या जुन्या कॅसेट्स होत्या. १९८० आणि १९९०च्या दशकांत लग्नाच्या मांडवात टेपरेकॉर्डर ठेवून हौशी मंडळींनी भरलेल्या. काहींवर बुरशी चढली होती, काहींची फीत चिकटू लागली होती. पावसाळ्यात थोडी सवड असते. मी एकोणीस कॅसेट्स मागवून घेतल्या, टेपरेकॉर्डरची तार संगणकाला जोडली आणि एकेक बाजू वाजवीत ती गाणी उतरवून घेतली. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वदच मिनिटे लागतात. तेथे घाई चालत नाही. घाई झाली ती नंतर. दोन गाण्यांच्या मध्ये बायकांचे बोलणे होते, हसणे होते, भांड्यांचा आवाज, मुलाचे रडणे, ‘आता कोण सांगतं गं पुढचं?’ अशी विचारपूस. तो सारा गोंगाट समजून मी कापून टाकला. गाणी स्वच्छ झाली. कलावंताच्या रकान्यात ‘अज्ञात गायिका’ असे एकदा लिहिले आणि तेच सर्वत्र उतरवले. जागा अडते म्हणून मूळ, न कापलेल्या फाइली पुसल्या आणि कॅसेट्स ज्यांच्या त्यांना परत केल्या. आता संगणकात सारे सुरक्षित आहे, असेही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले.

काही महिन्यांनी एक बाई आल्या. म्हणाल्या, “फादर, त्यात माझ्या आईचं गाणं आहे. आईचा एक फोटो आहे आमच्याकडे, आवाज कुठेच नाही.” कोणते गाणे, असे मी विचारले. “ते नाही ठाऊक. पण बायका तिला नावानं हाक मारायच्या, मग ती सुरुवात करायची. मामी म्हणते, कॅसेटमध्ये ती हाक आहे.”

ती हाक मी कापली होती. त्यांच्या घरची कॅसेट? ती टाकून दिली होती. संगणकात आले आहे म्हटल्यावर ठेवून काय करायची?

नावाचा आणि ध्वनिमुद्रणाचा संबंध फार जुना आहे. नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात भारतातील पहिली ध्वनिमुद्रणे केली. त्या काळी गौहरजान गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगत असे. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हानोव्हर येथे. तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा हे कळावे म्हणून ही पद्धत पडली असे सांगतात. कारण व्यवहाराचे होते, पण परिणाम असा की गाणे आणि नाव एकाच रेषेत कोरले गेले. एक वाजले की दुसरे वाजणारच. आपल्या संतांनी तर नाव अभंगातच गुंफले. तुकोबा किंवा जनाबाई यांचा अभंग कोणी कसाही गायला तरी शेवटी नाव येतेच. संगणकात असे नाही. १९९६ साली एरिक केम्प यांनी एमपीथ्री फाइलच्या शेपटीला १२८ बाइट्सची एक पट्टी जोडण्याची युक्ती काढली. तीत कलावंताच्या नावाला रोमन लिपीतील ३० अक्षरांची जागा होती आणि गाण्याच्या प्रकाराला ८० पर्यायांची यादी. त्या मूळ यादीत लोकगीत हा प्रकारच नव्हता. तो पुढे विनॅम्प या प्रणालीने वाढवलेल्या यादीत आला. पुढच्या रचनांत जागाही वाढली आणि देवनागरीही आली. तरी मूळ स्वरूप तेच राहिले: नाव हे गाण्याच्या पोटात नसून पाठीला डकवलेले असते. ते काढता येते, बदलता येते, आणि गाण्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

ही कथा मी एका निवृत्त शिक्षकांना सांगितली. आमच्या गायनवृंदाची धुरा त्यांनी अनेक वर्षे वाहिली आहे. ते म्हणाले, “फादर, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. लोकगीताला मालक नसतो. त्या बायांनाच विचारलं असतं तरी त्यांनी नाव नको म्हटलं असतं.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सेमिनरीत आम्ही लॅटिन ग्रेगोरियन गायनाच्या काही चाली शिकलो. त्या कोणी बांधल्या हे कोणी विचारले नाही, आणि प्रार्थनेत त्यावाचून काही अडलेही नाही. स्वतःचे नाव पुढे न करणे हा सद्गुण आहे, हे आम्ही धर्मगुरूच व्यासपीठावरून सांगत असतो.

परंतु त्या गायनाचेच पाहा. त्याला नाव मिळाले ते महान ग्रेगरी या पोपमहोदयांचे. ते ६०४ साली निवर्तले. आज परिचित असलेल्या त्या चालींना आकार आला तो प्रामुख्याने पुढे, आठव्या-नवव्या शतकांत, फ्रँक राज्यात, असे अभ्यासक मानतात. मोकळा रकाना फार काळ मोकळा राहत नाही. जवळपासचे मोठे नाव हळूच त्यात सरकते. आमच्याकडेही तेच घडणार होते. ‘अज्ञात’ बरे दिसत नाही, त्याऐवजी धर्मग्रामाचे किंवा फादरांचे नाव घाला, अशी सूचना एका तरुणाने मला केलीच होती.

आणि नम्रतेविषयी बोलायचे तर, उपवास करणारा आणि उपाशी ठेवलेला या दोघांचेही पोट रिकामेच असते. त्या बाईंच्या आईने आपले नाव सोडले नव्हते. तिला कोणी विचारलेच नव्हते. ज्याचे त्याला देण्याची अढळ इच्छा म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्विनास यांच्या ग्रंथात आम्ही शिकलो, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर मजुरी, जमीन, कर्ज असे विषय असत. गेलेल्या माणसाचे देणे त्यात कसे बसवावे? ती मागायला येत नाही. तिला त्यातून काही मिळतही नाही. तरी मला वाटते की देणे उरते, आणि ते ज्याच्या हाती यादी आहे त्याच्याकडे उरते. कायद्यालाही हे थोडेबहुत उमगले आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना स्वतंत्र हक्क दिले आणि २०१२च्या दुरुस्तीने आपल्या कलेशी आपले नाव जोडले जावे हा हक्कही मान्य केला. पण कायद्याचे दार ठोठवायलाही आधी नाव लागते.

मी पुन्हा घरोघर गेलो. अकरा कॅसेट्स शिल्लक होत्या. त्या परत उतरवल्या आणि या वेळी काहीही कापले नाही. मुलाचे रडणे, भांडी, हाका, सारे तसेच ठेवले. ज्यांच्या कॅसेट्स गेल्या होत्या त्यांची गाणी मात्र माझ्याकडच्या ‘स्वच्छ’ रूपातच उरली. त्यासाठी चार वयोवृद्ध मावश्यांना एका दुपारी सभागृहात बोलावले, संगणकाला मोठा स्पीकर लावला आणि त्या बाईंनाही बसवून घेतले. एका आवाजावरून दुसरी ओळखत, मध्येच डोळे पुसत, मध्येच भांडत त्यांनी एकतीस गाण्यांना नावे दिली. एका गाण्यात तर एका मावशींनी स्वतःलाच ओळखले आणि पदर तोंडाला लावला.

शोधत होतो त्या आवाजावर मात्र एकमत झाले नाही. दोघी म्हणाल्या, चौथ्या गाण्यात सुरुवात करते ती तीच. तिसरी म्हणाली, नाही, ती तिची नणंद. तिचा आवाज सातव्या गाण्यात आहे, किंचित खरखरीत. चौथी मावशी काहीच बोलली नाही. मी त्या बाईंकडे पाहिले. “आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, फादर,” त्या म्हणाल्या. “मला नाही आठवत.”

दोन्ही गाण्यांच्या रकान्यात मी दोन्ही नावे लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवले. दोन्ही गाणी त्या पेनड्राइव्हवर घेऊन गेल्या.