पळणाऱ्यांचा चातुर्मास

आमच्या सकाळच्या गटात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मी देवळात वगैरे जात नाही हो, पळणं हीच माझी पूजा." म्हणणारी माणसं मनापासून म्हणतात. पण मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं, त्यामुळे पूजा म्हटलं की माझ्या डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो. पूजेत काहीतरी द्यावं लागतं. फूल, दिवा, निदान एक वेळचं जेवण. पळताना मी काय देते? घाम म्हणावं, तर तो माझ्याच साखरेच्या रिपोर्टात जमा होतो.

पळते हा शब्दही माझ्या बाबतीत जरा सैलच आहे. साठी उलटल्यावर पंजाबी ड्रेस आणि लेकीने आणलेले बूट घालून जे काही होतं, त्याला दुडकणं म्हणावं. एरवी कल्याणीनगरच्या बाजूने मुळा-मुठेच्या काठी, आणि लेकीकडे कोथरूडला मुक्काम असला की वेताळ टेकडीवर. दोन्हीकडे मला तोच प्रश्न पडतो. एखाद्या जागेचा मनसोक्त आनंद घेणं ही तिची भक्ती होते का?

वेताळ टेकडीवर हा प्रश्न विचारायला सोबतही चांगली मिळते. दामोदर धर्मानंद कोसंबी याच परिसरात हिंडायचे. भांडारकर संस्थेच्या बाजूला त्यांचं घर. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित करायला ते डेक्कन क्वीनने जायचे आणि उरलेल्या वेळात पुण्याच्या टेकड्या पालथ्या घालायचे. गारगोटीची इवलीशी अश्मयुगीन पाती त्यांना घरामागच्या टेकडीवर सापडली. १९६२ साली आलेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या पुस्तकात त्यांनी मांडलं, की पुण्याच्या आसपासच्या मातृदेवतांची ठाणी पाहा, ती जुन्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे सापडतात. नांगर येण्याआधी माणसं ज्या वाटांनी हिंडत होती, त्या वाटांवर ही ठाणी वसली. म्हणजे आधी वाट, मग देव. मला हे फार पटतं. "टेकडीवर पळणं म्हणजे निव्वळ व्यायाम, त्यात धर्माचा काय संबंध?" असं कुणी विचारलं तर कोसंबींचं नाव सांगायचं. ते स्वतः पक्के मार्क्सवादी, त्यामुळे समोरचा गप्प बसतो.

पण त्या वाटांवरचे देव लाड करणारे नव्हते. वेताळ हा भुतांचा राजा. आज शहरातल्या या सर्वांत उंच माथ्यावर त्याच्या देवळाशी आम्ही पाण्याच्या बाटल्या काढतो, पाय ताणतो, फोटो काढतो. पूर्वी अशा ठिकाणी संध्याकाळनंतर पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती.

ही भीती मी आजोळी पाहिली आहे. आईचं गाव वेल्हे तालुक्यात, आता त्या तालुक्याचं नाव राजगड झालं. गावाच्या वरच्या अंगाला देवराई होती. आम्हा पोरांना तिथे जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागायच्या. आत गेल्यावर मोठ्याने बोलायचं नाही आणि बाहेर येताना हातात काही आणायचं नाही. सरपणाला महाग असलेल्या त्या गावात, देवराईत वाळकी फांदी पडली तर ती तिथेच कुजायची. मी एकदा एक शेंग उचलली, गारंबीची असावी, हातभर लांब. आजीने ती माझ्या हातून घेतली, परत जाऊन जागेवर ठेवली आणि देवाला म्हणाली, "पोर आहे, तिला कळत न्हाई." मला रागावली नाही. वस्तू दुसऱ्याची होती, ती परत केली, इतकंच.

आघारकर संस्थेतले डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शास्त्रज्ञांना कळलं की आसपासचं जंगल गेलं तरी हे तुकडे उरले आहेत. का उरले, याचं उत्तर सगळे एका दमात देतात: देवाच्या भीतीने. मला ते अर्धवट वाटतं. भीती पळत्या चोराला असते. आजीच्या वागण्यात होती ती हद्दीची जाण. गावाचं सगळं रान वापरायचं, तोडायचं, चारायचं. पण एवढा तुकडा आपला नाही. त्याचा उपयोग काय, हा प्रश्नच तिथे लागू नव्हता.

आता त्याची दुसरी बाजू. अनेक देवराया कुऱ्हाडीने गेल्या, आणि ती कुऱ्हाड नास्तिकाच्या हातात नव्हती. श्रद्धा वाढली, पैसा आला, जीर्णोद्धार ठरला. उघड्यावर बसलेल्या शेंदरी तांदळ्याला स्लॅबचं देऊळ, पुढे सभामंडप, त्यापुढे गाड्या लावायला फरशी. काही ठिकाणी तर देवळाच्या खर्चासाठी देवराईतलीच झाडं विकली. देवाला छप्पर मिळालं आणि त्याचं घर गेलं. जुने लोक सांगायचे की अमुक देवाला छप्पर चालत नाही, बांधलं तरी टिकत नाही. आम्ही त्याला अंधश्रद्धा म्हणून हसलो.

नदीच्या बाबतीत हाच जीर्णोद्धार मी आता रोज सकाळी बघते.

कल्याणीनगरजवळच्या नदीकाठाला सगळे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणतात. वन्यजीव कायद्याने घोषित केलेलं ते अभयारण्य नव्हे, लोकांनी त्या थोर पक्षीतज्ज्ञाचं नाव आपण होऊन लावलंय. पायवाट आहे, सुबाभूळ-बाभळीची गर्दी आहे, मधूनच करंज, उंबर. वास असतो. नदी म्हणून जे वाहतं त्यात शहराचं सांडपाणी किती, हे नाकाला कळतं. या पाण्याने आचमन करायची कुणाची हिंमत नाही, तरी पुलावरून निर्माल्याची पिशवी मात्र गाठ मारून पडते.

वाटेच्या खाली चिखल आहे. हिवाळ्यात तिथे तुतवार येतो. चिमणीपेक्षा थोडा मोठा, अंगाने मातकट, पोटाला पांढरा. चार पावलं चालतो, थांबतो, आणि थांबला तरी त्याचा मागचा भाग खालीवर हलतच असतो, अंगात लय भिनल्यासारखा. ओल्या चिखलाचा पाण्याला लागलेला जो हातभर पट्टा, तेवढंच त्याचं जग. पट्ट्याच्या वर कोरडं, तिथे त्याला काही मिळत नाही. खाली पाणी, तिथे पाय टेकत नाहीत. थोडं पुढे लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाटे पोटरीभर पाण्यात उभे असतात. गंमत म्हणजे त्यांची पंगत आपल्याच घाणीवर चालते. सांडपाण्याच्या चिखलात अळ्या-किडे माजतात आणि शेकाट्यांचं फावतं. म्हणून "पक्षी आहेत म्हणजे नदी ठीक आहे" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नये. पण चिखलच गेला तर हेही जातील.

आणि चिखल जाणार आहे, कारण तो आपल्याला कुरूप दिसतो. महापालिकेच्या नदीकाठ सुधार योजनेत मुळा, मुठा आणि मुळा-मुठेचा मिळून ४४ किलोमीटरचा काठ येतो. बंडगार्डनच्या अंगाला जे काम झालंय ते मी पाहिलंय, त्यावरून गेलेही. दगडाने बांधलेला उतार, वर सपाट रस्ता, बसायला जागा. माझ्या गुडघ्यांना तो रस्ता फार आवडला. पण त्या दगडी उतारावर तुतवाराने कुठे उभं राहायचं? योजनेचं समर्थन करताना सांगतात की नागरिकांना चालायला, पळायला, सायकलला काठ खुला होईल. म्हणजे हे माझ्या नावाने चाललंय. देवळाला जसा भाविक पुढे करतात, तसा इथे पळणारा पुढे केला जातो.

इथून जवळच आगाखान पॅलेस आहे. १९४२च्या ऑगस्टपासून १९४४च्या मे महिन्यापर्यंत गांधी तिथे कैदेत होते. महादेवभाई आणि कस्तुरबा तिथेच गेले. १९३७च्या त्रावणकोर दौऱ्यात गांधींनी भाषणांमागून भाषणांत ईशोपनिषदाचा पहिला मंत्र समजावून सांगितला होता. बाकी सगळी शास्त्रं नाहीशी झाली तरी एवढ्यावर भागेल, अशी त्यांची श्रद्धा होती. विनोबांनी त्याच उपनिषदावर 'ईशावास्यवृत्ति' लिहिली. मी तो मंत्र वर्गात कितीदा शिकवला. हे सगळं ईश्वराने व्यापलेलं आहे, म्हणून सोडून मग भोगावं, असं तो सांगतो. मुलं विचारायची, "बाई, सोडलं तर भोगायचं काय?" आजीची शेंग तेव्हा आठवली असती तर उत्तर सोपं होतं. ती देवराईत जात होती, सावलीत बसत होती, झऱ्याचं पाणी पीत होती. फक्त हातात काही घेऊन बाहेर येत नव्हती. जागेचा आनंद घेण्यात पाप नाही. पण त्या जागेचा काही भाग आपल्यासाठी नाहीच, हे आधी मान्य करावं लागतं. हे मान्य नसेल तर पूजा हा शब्द वापरू नये, व्यायाम म्हणावा. व्यायामही चांगलाच असतो.

हे मी गटात बोलले तेव्हा एका निवृत्त इंजिनिअरांनी मला चांगलं धारेवर धरलं. ते म्हणाले, "ताई, आम्ही तिथे पळतो म्हणून टेकडी शिल्लक आहे." आणि ते खरं आहे. वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा २०२३च्या एप्रिलमध्ये उन्हातान्हात मोर्चात चालले ते रोज टेकडीवर जाणारे लोक. त्याच महिन्यात नदीकाठच्या झाडांसाठी चिपको मोर्चा निघाला, त्यातही तेच चेहरे. ज्या जागेवर कुणाचा पाय पडत नाही तिच्यासाठी शहरात कुणी भांडत नाही. देवराईला गावाचा धाक होता. शहरातल्या टेकडीला फक्त तिच्यावर प्रेम करणारे आहेत. या मुद्द्याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की हजारो जोडी बुटांचं प्रेमही जमिनीला सोसवत नाही. वेताळ टेकडीवर मुख्य वाटेला किती फाटे फुटलेत ते बघा. प्रत्येकाला गर्दी नसलेली, थोडी निसरडी, फोटोत छान दिसणारी वाट हवी असते. मग गवत जातं, मुरूम उघडा पडतो, पावसात ओघळ खोल होतो.

टिटवी याच मुरमावर अंडी घालते. घरटं कसलं, चार खडे सरकवून केलेला खळगा. अंडी मातकट, काळ्या ठिपक्यांची, टोकं आत वळवून मांडलेली. दोन हातांवरूनही दिसत नाहीत. पायाखाली येतील अशा अंतरावर आपण पोचलो की पक्षीण डोक्यावर ओरडत घिरट्या घालते, आणि आपण कानात गाणी लावून पुढे जातो.

अशा वेळी काय करावं, याचं उत्तर आपल्याकडे अडीच हजार वर्षांपूर्वी दिलेलं आहे, आणि तेही चालण्याबद्दलच. बुद्धाचे भिक्षू सुरुवातीला बारा महिने हिंडायचे. विनयपिटकातल्या महावग्गात गोष्ट येते, की लोक कुरकुरू लागले: पाखरंसुद्धा पावसाळ्यात घरटं करून एका जागी बसतात, आणि हे लोक हिरवं गवत तुडवत, बारीक जीव मारत हिंडताहेत. तक्रार गृहस्थांची होती, आणि बुद्धाने ती ऐकली. वर्षावासाचा नियम झाला. जैन साधू-साध्वी आजही चातुर्मासात एका गावी थांबतात. पुण्यात दरवर्षी त्यांच्या आगमनाचे फलक लागतात ते आपण वाचतो. पावसाळ्यात जमीन जिवंत होते, तेव्हा पाय आवरायचे. मृगाचे लाल मखमली किडे टेकडीच्या वाटेवर चालताना ज्याने पाहिलेत त्याला हा नियम समजवावा लागत नाही.

इंजिनिअरसाहेबांनी लगेच वारी काढली. "वारकरी तर ऐन पावसात चालतात." चालतात ना! पण वारी ठरल्या वाटेने चालते. लाखो पावलं, पण वाट तीच. पुण्यात ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, मुक्कामही ठरलेले. गर्दी नको म्हणून कुणी वारकरी आपली खासगी वाट पाडत नाही. शिवाय वारी पंढरीला पोचते त्या आषाढी एकादशीलाच चातुर्मास बसतो.

म्हणून पळणाऱ्यांनाही एक चातुर्मास असावा, असं मला वाटतं. पळणं थांबवा असं मी सांगत नाही, माझी साखर मलाही सांभाळायची आहे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत टेकडीवर फक्त मुख्य वाटेने जायचं, आडवाटांना विश्रांती द्यायची. टिटवीचं वेळापत्रक उन्हाळ्यातच सुरू होतं, तेव्हा वैशाखापासूनच सुरुवात केली तर उत्तम. नदीकाठी वाटेवरून खाली चिखलात उतरायचं नाही, फोटोसाठीही नाही. आणि महापालिका पुढच्या वेळी सूचना-हरकती मागवेल तेव्हा पळणाऱ्यांनी आपल्या सहीने लिहून द्यावं, की काठाच्या या तुकड्यावर आम्हाला ट्रॅक नको. मागणी आमच्या नावाने केली जाते, तर नकारही आमच्याकडूनच यायला हवा.