लाट, पाणी आणि मिथ्यात्व

लाट पुढे जाते तेव्हा नेमके काय पुढे जाते? हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे, तितकाच वेदान्ताचाही आहे. जग आणि ब्रह्म यांचे नाते सांगताना अद्वैत परंपरा लाटेचा आणि पाण्याचा दृष्टांत पुन्हा पुन्हा देते. हा दृष्टांत कुठवर पोचतो हे समजायचे, तर आधी लाट समजून घ्यावी लागते.

अंबडसारख्या जुन्या गावातल्या बारवेत किंवा शेतातल्या विहिरीत खडा टाकला, की पाण्यावर वर्तुळे उमटतात आणि काठाकडे सरकत जातात. त्याच पाण्यावर लिंबाचे वाळके पान तरंगत असेल, तर ते वर्तुळांबरोबर काठाला जात नाही. वर्तुळ खालून गेले की पान वर उचलले जाते, खाली येते आणि जवळजवळ जागच्या जागीच राहते. पाण्याचा प्रत्येक कण आपल्या जागेभोवती डोलतो आणि शेजारच्या कणाला डोलायला लावतो. पुढे जातो तो हा डोल आणि त्याच्यासोबतची ऊर्जा. पाणी मागेच राहते.

कण आपल्या मूळ जागेपासून जास्तीत जास्त जितका सरतो, तो लाटेचा आयाम. लगतच्या दोन शिखरांमधले अंतर ही तरंगलांबी, आणि एका सेकंदातली आंदोलने ही वारंवारता. तरंगलांबी आणि वारंवारता यांचा गुणाकार म्हणजे लाटेचा वेग. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणून सेकंदाला ३४३ आंदोलने करणाऱ्या स्वराची तरंगलांबी एक मीटर भरते.

आता दृष्टांताची दुसरी, अद्वैताची बाजू. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजेच समर्थ रामदास, १६०८ साली रामनवमीला तिथे जन्मले. त्यांच्या 'दासबोधा'त चंचळ आणि निश्चळ ही जोडी सतत येते. परब्रह्म निश्चळ आहे. त्यात उठलेली पहिली हालचाल म्हणजे मूळमाया, आणि तिला समर्थ वायुस्वरूप म्हणतात. जे जे चंचळ, ते ते नासणारे, असा त्यांचा निवाडा आहे. बारवेतल्या वर्तुळांना तो सहज लागू पडतो: वर्तुळे विरतात, पाणी उरते.

न्यायदर्शनाच्या अभ्यासकांनी, म्हणजे नैयायिकांनी, 'काय पुढे जाते' हाच प्रश्न ध्वनीच्या बाबतीत विचारला. मृदंगावर थाप पडली की पहिला शब्द, म्हणजे ध्वनी, उत्पन्न होतो. तो दुसऱ्याला जन्म देऊन नष्ट होतो, दुसरा तिसऱ्याला, आणि या मालिकेतला शेवटचा शब्द कानाला ऐकू येतो. याला वीचीतरंगन्याय म्हणतात. कदंबाच्या फुलासारखे शब्द सर्व दिशांना एकदम फुटतात, असे मानणारा दुसरा पक्ष कदंबमुकुलन्याय सांगतो. दोन्ही मतांप्रमाणे कानाला ऐकू येतो तो मृदंगाजवळचा शब्द नव्हेच, त्याचा दूरचा वंशज. मृदंगाजवळची हवा श्रोत्याच्या कानापर्यंत चालत येत नाही, हे आजचे विज्ञानही सांगते. फरक आश्रयाचा आहे. नैयायिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला. रॉबर्ट बॉइलने १६६० साली भांड्यातली हवा काढून घेतल्यावर आतला आवाज मंदावत जातो हे दाखवले. ध्वनीला आधार लागतो तो हवेसारख्या पदार्थाचा.

लाटेचे वागणे वस्तूसारखे नसते. दोन दगड एकमेकांवर आदळले की दिशा बदलतात. दोन वर्तुळे एकमेकांतून आरपार जातात आणि पुढे आपापल्या आकारात चालू लागतात. भेटीच्या जागी मात्र दोन्हींमुळे पाणी त्या क्षणी जितके वर-खाली सरते, ते मिळवले जाते: शिखरावर शिखर आले तर पाणी अधिक उंचावते, शिखरावर तितकीच खोल दरी आली तर सपाट होते. कीर्तनात टाळ, मृदंग आणि गळा एकाच हवेतून येतात, तरी कान ते वेगळे ओळखतो, ते यामुळेच.

भजन देवळाच्या भिंतीआडही ऐकू येते, कारण ध्वनीची तरंगलांबी भिंतीच्या आकाराशी तुलना करण्याजोगी असते आणि तो कडेवरून वळतो. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणून भिंतीची सावली रेखीव पडते. हिवाळ्यातल्या निरभ्र, निवांत रात्री शेजारच्या गावचे भजन स्पष्ट ऐकू येते, त्याचेही कारण आहे. जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. उबदार हवेत ध्वनी वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेला आवाज पुन्हा जमिनीकडे वळतो. दुपारी उलट घडते आणि आवाज वर निघून जातो.

एकतारीच्या तारेवर लाट टोकाशी आपटून परतते. जाणारी आणि येणारी लाट मिळून असा आकार होतो, की तार थरथरते पण लाट सरकताना दिसत नाही. टोके निश्चळ, मध्य सर्वांत चंचळ. आणि दिसणारी स्थिरता दोन विरुद्ध गतींच्या मेळातून आलेली.

आता मूळ दृष्टांत. 'लाट म्हणजे पाणीच' हे कोणत्याही एका क्षणी खरे आहे, कारण त्या क्षणी तिथे पाण्यावाचून दुसरा पदार्थ नाही. पण पुढच्या क्षणी लाट तीच असते आणि पाणी वेगळे. म्हणून लाट हा पाण्याचा तुकडा नव्हे, पाण्याची अवस्था आहे. तिला स्वतंत्र अस्तित्व नाही. तरीही ती नाव उलथवते, कानाचा पडदा हलवते. वेदान्तातला मिथ्या शब्द इथे नीट कळतो. सशाचे शिंग तुच्छ आहे, ते कुठेच नाही. मिथ्या म्हणजे तसे नव्हे: जे अनुभवाला येते, पण ज्याला दुसऱ्याच्या आधारावाचून उभे राहता येत नाही, ते मिथ्या. जगाला मिथ्या म्हणणे म्हणजे जगाचे दुःख खोटे म्हणणे, हा समज लाटेचाच दाखला मोडून काढतो.

दृष्टांत मात्र एकदेशी असतो. प्रकाशलहरींना वाहून नेणारा ईथर असावा, असे १९व्या शतकात मानले जाई. १८८७ साली मायकेलसन आणि मॉर्ले यांच्या प्रयोगात त्याची खूण सापडली नाही, आणि १९०५ साली आइन्स्टाइनने त्याची गरजच उरली नसल्याचे दाखवले. प्रकाश पोकळीतूनही जातो. तिथे डोलते ते विद्युतचुंबकीय क्षेत्र, पाण्यासारखा पदार्थ नव्हे. म्हणून प्रत्येक लाटेखाली पाण्यासारखे काही असलेच पाहिजे, असे लाटेवरून सिद्ध होत नाही. निश्चळ ब्रह्म आहे की नाही, याचा निर्णय भौतिकशास्त्र देत नाही. दुसऱ्यावर अवलंबून असणे आणि मुळात अस्तित्वातच नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ते ठामपणे दाखवते.