सर्वरोगहर

पैनगंगा माहूरच्या डोंगराळ मुलखाला वळसा घालून पुढे जाते, आणि व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत याच नदीने दोन राजवटींची हद्द आखून दिली होती. अलीकडे निजामाचा अंमल, पलीकडे 1853 च्या तहान्वये इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेले वऱ्हाड. रेणुकामातेच्या आणि दत्तप्रभूंच्या दर्शनाला निघालेल्या यात्रेकरूला त्या हद्दीचे काही वाटत नसे, आणि पावसाळा ओसरला की किनवट-माहूरच्या सागाच्या अरण्यातून जो ताप गावोगाव पसरे, त्यालाही दोन्ही तीरांवर सारखीच मुभा होती. अशा तापाने फणफणलेल्या माणसाला सरकारी दवाखाना किती कोसांवर आहे, आणि बैलगाडीने तिथवर पोचेतो त्याच्या अंगात किती धुगधुगी उरेल, हा प्रश्न ज्या घरात उभा राहिला असेल, त्या घराला सर्व रोगांवर चालणाऱ्या एकाच औषधाचे आश्वासन कसे भासले असेल, याचा विचार केल्यावाचून एकोणिसाव्या शतकातील त्या विलक्षण व्यापाराचा निवाडा करणे मला न्यायाचे वाटत नाही.

हा व्यापार विलायतेत भरभराटीस आला. टॉमस हॉलोवे नावाच्या गृहस्थाने 1837 साली लंडनमध्ये एक मलम आणि त्यामागोमाग गोळ्या विकण्यास आरंभ केला, आणि अर्धशतकाच्या आत केवळ जाहिरातींवर वर्षाकाठी सुमारे 50,000 पौंड खर्च करण्याइतकी त्याची पेढी मातबर झाली. पृथ्वीच्या पाठीवरील नाना भाषांत त्याच्या गोळ्यांची माहितीपत्रके छापली गेली, आणि त्याच संपत्तीतून उभारलेले स्त्रियांचे महाविद्यालय 1886 साली खुद्द राणीच्या हस्ते उघडले गेले. दुसरा असाच नामांकित व्यापारी टॉमस बीचम. त्याच्या गोळ्यांचे पृथक्करण ब्रिटिश वैद्यक मंडळाने 1909 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दिले आहे: कोरफडीचा वाळवलेला रस, सुंठ आणि साबण. एक शिलिंग दीड पेनीला मिळणाऱ्या डबीतील 56 गोळ्यांच्या द्रव्यांची किंमत त्या ग्रंथाने अर्धी फार्दिंग धरली होती, म्हणजे गिऱ्हाईक मूळ द्रव्याच्या 108 पट दाम मोजत होते. या औषधांना लोक सरसकट पेटंट औषधे म्हणत, परंतु त्यांतील बहुतेकांनी पेटंट कधी घेतलेच नव्हते, कारण पेटंट घ्यावयाचे तर घटकद्रव्ये सरकारदरबारी उघड करावी लागतात, आणि घटकद्रव्ये झाकून ठेवण्यावरच तर हा सगळा डोलारा उभा होता. सरकारने 1783 पासून अशा औषधांवर मुद्रांकशुल्क बसविले होते. बाटलीच्या बुचावरून चिकटवलेला तो मुद्रांक महसुलाची पावती होता, पण सामान्य मनुष्य त्यालाच राजमान्यतेचा शिक्का समजे, आणि विकणारा त्याची समजूत दुरुस्त करण्याच्या भरीस पडत नसे.

यांपैकी एका औषधाचा उगम तर आपल्याच भूमीशी जोडलेला आहे. जॉन कॉलिस ब्राऊन हा इंग्रजी फौजेतील डॉक्टर हिंदुस्थानात चाकरीला असताना, 1848 च्या सुमारास, पटकीवर उपाय म्हणून त्याने एक मिश्रण सिद्ध केले, आणि 1856 पासून ते 'क्लोरोडाईन' या नावाने बाजारात आले. अफूचे सत्त्व, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क ही त्यातील मुख्य द्रव्ये. त्यांनी जुलाब थांबत, वेदना शमत आणि झोप लागे, यात काही खोटे नव्हते. खोटेपणा आला तो पुढच्या पायरीवर, जेव्हा खोकला, दमा, क्षय, मज्जातंतूंची दुखणी अशा परस्परांशी काडीचा संबंध नसलेल्या व्याधींची नावे त्याच बाटलीच्या जाहिरातीत एकाखाली एक येऊन बसली. वेदना शमविणे आणि रोग हटविणे यांतील अंतर त्या यादीने पुसून टाकले, आणि कित्येकांना त्या बाटलीचे व्यसन जडले, कित्येकांना तिने झोपेतून उठू दिले नाही.

असे असता लोकांना गुण कसा येत होता? कारण गुण आल्याची प्रशस्तिपत्रे खोटीच होती असे मानणे मला पटत नाही. त्यांतील पुष्कळशी प्रामाणिकपणे लिहिली गेली असणार. इथे माहूरच्या मुलखातला तो हिवतापच आपल्याला उत्तर देतो. एकांतरा, तिजारा, चौथरा असे त्याचे प्रकार आपल्या जुन्या माणसांना चांगले अवगत होते: दुपारच्या सुमारास हुडहुडी भरावी, घोंगडीवर घोंगडी घातली तरी दात वाजण्याचे थांबू नये, मग अंगाची लाही व्हावी, आणि काही तासांनी दरदरून घाम सुटून माणूस अगदी निवांत व्हावा, दुसऱ्या दिवशी शेतावरदेखील जावा. ही उतरती कळा तापाच्या स्वभावातच आहे. औषध घ्या वा न घ्या, घाम सुटणारच. आता ज्याने हुडहुडीच्या भरात एक चमचा औषध घेतले, त्याने घाम सुटताना त्या चमच्याला हात जोडले तर त्यात त्याची मूर्खता कोणती? कार्याच्या आधी जे घडले ते कारण, ही बुद्धीची सहज चाल आहे आणि दैनंदिन व्यवहारात ती बहुधा खरीही ठरते. तिसऱ्या दिवशी ताप पुन्हा आला तर चमचा पुन्हा घेतला जाई, आणि ताप पुन्हा उतरे. अशा रीतीने तो रोग प्रत्येक पाळीला त्या बाटलीच्या वतीने साक्ष देत राही, आणि शेवटी पानथरी वाढून, रक्त आटून जो मनुष्य गेला, त्याची साक्ष कोणत्याही माहितीपत्रकात छापली गेली नाही.

याच निजामाच्या राज्यात, सिकंदराबादेस, 20 ऑगस्ट 1897 रोजी, म्हणजे राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्याच वर्षी, रोनाल्ड रॉस याला डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाचे जंतू दिसले. हुसेन खान नावाच्या रुग्णाने दर डासामागे एक आणा घेऊन आपले रक्त त्या डासांना पिऊ दिले होते. ज्ञानाच्या इतिहासात त्याचे नाव रॉसच्या नावाशेजारी यावे अशी माझी प्रामाणिक भावना आहे. हिवतापावरचे खरे औषध तर त्याआधीच, 1820 साली, सिंकोनाच्या सालीतून वेगळे काढले गेले होते, आणि बंगाल्यात 1892 पासून टपालकचेरीत एका पैशाला क्विनाईनची पुडी मिळू लागली होती. या पुडीकडे आणि त्या बाटलीकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. पुडी कडूजहर, ती घेतल्यावर कान वाजतात, ती एका तापावर चालते आणि दुसऱ्या तापावर तिचा काडीचा उपयोग होत नाही. बाटली गोड किंवा झणझणीत, चटकन सुस्ती आणणारी, आणि कोणत्याही दुखण्याला नकार न देणारी. गिऱ्हाइकाच्या मनात या दोघींची स्पर्धा लागली तर पहिल्या दिवशी बाटलीच जिंकणार. परंतु पुडीचा तो नकारच तिच्या सत्यतेचे गमक आहे: ती रोगाच्या नेमक्या कारणावर घाव घालते म्हणूनच इतर कारणांपुढे ती हतबल ठरते. ज्याला आपली मर्यादा ठाऊक आहे असेच औषध हे औषध, या निष्कर्षाला मी जितका विचार करतो तितका अधिक घट्टपणे येतो.

आपल्या वैद्यपरंपरेलाही हे अमान्य नव्हते. हाडाचा वैद्य नाडी पाहिल्याशिवाय, जीभ आणि डोळे न्याहाळल्याशिवाय, मलमूत्राची आणि निद्रेची चौकशी केल्याशिवाय मात्रा उगाळीत नसे, आणि मात्रेबरोबर अनुपान व पथ्य सांगे. तेच औषध एकाला मधातून तर दुसऱ्याला तुपातून द्यावयाचे, कारण प्रकृती भिन्न. त्याचे निदान चुकत असेल, पण निदान करावयास हवे हे तत्त्व तो सोडीत नसे. सर्वरोगहर बाटलीने नेमके तेच तत्त्व मोडीत काढले. तिला रोगी पाहण्याची गरज नाही, रोगाचे नाव विचारण्याची गरज नाही, पथ्याची तर नाहीच नाही. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसून जाणले होते, त्याला कोणीतरी पहिल्यांदाच सांगितले की आजार आला तसाच जाईल.

आणि तरीही, मी आरंभी म्हटले तसे, घेणाऱ्याला दोष देण्यास माझे मन धजत नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका आपल्या तान्ह्या मुलांना बाळागोळी देत. तिच्यात अफू असे, आणि मूल दिवसभर गुंगीत पडून राही. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या त्या माउल्यांना अफू म्हणजे काय हे कळत नव्हते असे नाही. पण भोंगा झाल्यावर खात्यावर हजर व्हावे लागे, चाळीतल्या खोलीत मुलाजवळ बसायला कोणी नसे, आणि खाडा झाला की मजुरी बुडे. इंग्लंडातल्या गिरणगावांतील आयांनी एक पिढी आधी 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाच्या अफूमिश्रित पाकाने हेच केले होते. दोन खंडांतील स्त्रिया, ज्यांनी एकमेकींचे नावही ऐकले नव्हते, त्या एकाच उपायापर्यंत पोचल्या याचे कारण त्यांच्या अज्ञानात नसून त्यांच्या कामाच्या तासांत होते, आणि कामाचे तास ज्यांच्या हातात होते त्यांनी त्या गोळीबद्दल माउलीला बोल लावणे हे मला फार कठोर वाटते.

मराठवाड्यातील वाचकाला इथे हैदराबादची एक लहान बाटली आठवल्याशिवाय राहणार नाही. हकीम मोइजुद्दीन फारूकी यांनी 1920 साली तयार केलेले 'जिंदा तिलिस्मात' नांदेड-किनवटकडच्या कितीतरी घरांत देव्हाऱ्याच्या फळीवर किंवा कपाटाच्या कोपऱ्यात असे. तिच्यावर निजामाच्या फौजेतील हबशी शिपायाचे चित्र, आत तांबूस-काळसर तेल, आणि उकळत्या पाण्यात दोन थेंब टाकले की निलगिरी व कापराचा दर्प थेट ओसरीपर्यंत. सर्दी-पडशापासून पोटदुखीपर्यंत नाना दुखण्यांत तिच्याकडे हात जाई, आणि चोंदलेले नाक तिने मोकळे होई हेही खरे. याच जातीचे दुसरे औषध तर आपल्या घरीच होत असे. कापूर, ओवाफूल आणि पेपरमिंटचे फूल हे तीन कोरडे खडे सारख्या भागांनी एका कुपीत घालून बूच लावून ठेवले की पाण्याचा थेंब न घालता थोड्या वेळात कुपीत पातळ द्रव तयार होतो. लाहोरहून विसाव्या शतकाच्या आरंभी देशभर पसरलेल्या 'अमृतधारे'च्या नावानेच लोक त्यालाही ओळखतात. लहानपणी ते खडे विरघळताना पाहणे हा आम्हा मुलांना चमत्कार वाटे. पण ज्या बाईने ते तिन्ही जिन्नस स्वतःच्या हाताने काट्यात टाकून तोलले, तिला ठाऊक असे की यात कापूर आहे, तान्ह्या मुलाला हे पाजू नये, आणि ताप तीन दिवसांत हटला नाही तर ही कुपी बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. घटक माहीत असले की मर्यादाही माहीत होते. तेच द्रव्य, तीच कुपी, पण गुपित नसले म्हणजे माणूस तिच्या अधीन होत नाही; त्या व्यापारातील खरा अपराध माझ्या दृष्टीने खोट्या दाव्यापेक्षाही या गुपितात आहे.

कोणी म्हणेल की ज्या गावात माणसे नवस फेडायला येतात, त्या गावाच्या संदर्भात औषधाच्या श्रद्धेला नावे ठेवणे विसंगत आहे. मला ते तसे वाटत नाही. गडावर रेणुकामातेचा प्रसाद म्हणून कुटलेल्या विड्याचा जो तांबूल मिळतो, तो अमुक व्याधीवर अमुक दिवसांत गुण देईल असा दावा कोणी करीत नाही; भक्त तो कपाळी लावून मुखात घालतो आणि आपले दुःख देवीच्या कानावर घातल्याच्या समाधानाने पायऱ्या उतरतो. श्रद्धेने दिलासा मागावा, तो तिला मिळतो. बाटलीने मात्र दिलाशाचे दाम घेऊन त्याची उपचार म्हणून नोंद केली, आणि त्यामुळे खऱ्या उपचाराला लागणारा वेळ, जो हिवतापात वा विषमज्वरात मोलाचा असतो, तो रोग्याच्या हातून गेला.

कायदा या प्रकरणात फार उशिरा जागा झाला. विलायतेत पार्लमेंटच्या समितीने दोन वर्षे साक्षी नोंदवून गुप्त औषधांविरुद्ध जो विस्तृत अहवाल तयार केला, तो नेमका 4 ऑगस्ट 1914 रोजी, महायुद्ध पुकारले त्याच दिवशी बाहेर पडला आणि दप्तरात गेला; घटकद्रव्ये बाटलीवर छापण्याची सक्ती तिथे 1941 साली झाली. आपल्याकडे 1940 साली औषधांविषयीचा कायदा झाला आणि 1954 साली आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा, ज्याच्या परिशिष्टात अशा व्याधींची यादी आहे की ज्या बऱ्या करण्याचा दावा जाहिरातीत करणे गुन्हा ठरतो. औषधांची जाहिरात हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे असे म्हणत काही व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले; 1959 साली न्यायालयाने कायद्यातील काही तरतुदी सैल म्हणून रद्द केल्या, पण निषिद्ध औषधाच्या विक्रीसाठी केलेली जाहिरात म्हणजे विचारांचा प्रचार नव्हे, हे स्पष्टपणे सांगितले. त्या परिशिष्टात कर्करोग आहे, मधुमेह आहे, अपस्मार आहे, आणि त्यांच्याच रांगेत एक नोंद आहे: ताप, सर्वसाधारण. मसुदा करणाऱ्यांनी ती नोंद कोणत्या विचाराने घातली असेल ते मी सांगू शकत नाही, पण किनवट तालुका, आणि त्यात असलेले माहूर, 1956 साली आदिलाबादेतून नांदेड जिल्ह्यात आले तेव्हा तिथल्या अरण्यात हिवताप होता, विषमज्वर होता, क्षयाचा ताप होता, बाळंतिणीचा ताप होता, आणि प्रत्येकाचा इलाज निराळा होता. सर्वसाधारण ताप असा कोणालाच येत नव्हता.