पदर उलटून पाहा

येवल्याची एखादी हातमागाची पैठणी मांडीवर घ्या. घरात नसेल तर मनातल्या मनात घ्या. तेवढ्यानंही चालतं.

हात अजून लावू नका.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आधी फक्त रंग पाहा. जांभळा आहे ना? मान किंचित कलती करा. आता लाल वर येतो. आता दुसऱ्या बाजूला कलती करा. निळा.

ताणा लाल, बाणा निळा. जांभळा धागा यात कुठेच नाही. विणकर याला धूपछाँव म्हणतात.

कुठला रंग खरा, ते ठरवू नका. नुसतं पाहत राहा.

आता एक बोट टेकवा. रेशीम आधी गार लागतं. थांबा. हळूहळू ते बोटाची ऊब घेतं.

याच धाग्यात एक अळी होती. तुतीची पानं खाऊन तिनं स्वतःभोवती जवळजवळ एक किलोमीटरचा अखंड तंतू गुंडाळला. तंतू सुटावा म्हणून कोश गरम पाण्यात गेले. ती बाहेर आलीच नाही.

नजर वळवू नका. श्वास घ्या. सोडा.

पदरावरचा एक पोपट शोधा. हिरवा पंख, लाल चोच. हिरवा संपतो तिथे पाहा, अगदी जवळून. तिथे एक धागा शेजारच्या रंगात अडकवून मागे वळवलेला आहे. बारीक तिल्ल्यांवरचा, म्हणजे छोट्या रिळांवरचा, एकेक रंग असा हातानं फिरवलेला.

आता पदर उलटा.

तोच पोपट. तितकाच स्वच्छ. मागे लोंबणारा एकही धागा नाही.

पाहत राहा.

डोळे मिटा. आता कुठेच नसलेलं एक रेशीम विणा. ताणा धुक्याचा, बाणा काजव्यांच्या उजेडाचा. ते हाताला कसं लागतं? सळसळतं का? ऐका. घाई नाही.

(माझं मन इथून दर वेळी विदर्भातल्या टसरकडे पळतं. ऐनाच्या पानांवर वाढलेल्या अळीचं ते रेशीम. रंगात न बुडवताच सोनेरी. त्यापुढे माझे काजवे फिके पडतात.)

डोळे उघडा. पदरावरून एकदा तळहात फिरवा.

आणि ठेवताना जुन्या घडीवर घडी घालू नका. जरीची तार तिथेच तुटते. घडी बदला, सुती कापडात गुंडाळा, मग ठेवा.