घटना बदलावी की राखावी?



आपण त्रिसरण-पंचशील घेतले, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आणि घरातले जुने देव्हारे उतरवले. त्या जागी आता तथागतांची मूर्ती आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे आणि पुष्कळांच्या घरी त्यांच्याशेजारी भारतीय राज्यघटनेची प्रत आहे. कल्याणहून सकाळच्या लोकलने कामाला जाणाऱ्या आपल्या माणसाला डब्यात, कारखान्यात, कचेरीत कोणीतरी विचारतो, "घटनेला पंचाहत्तर वर्षे उलटली. म्हातारी झाली ती. आता नवी का करू नये?" आपण चिडलो की तो हसून म्हणतो, "अहो, तुमचे बाबासाहेबच म्हणाले होते, ही घटना मी जाळीन म्हणून!" इथे आपला माणूस गप्प होतो. हे गप्प होणे बरे नव्हे. बुद्धाच्या अनुयायाने प्रश्नाला रागाने नव्हे, विचाराने उत्तर दिले पाहिजे.

प्रथम विरुद्ध बाजू नीट समजून घेऊ. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी देशाला नवी घटना हवी असे जाहीरपणे म्हटले. १५ ऑगस्ट २०२३ रोजी अर्थतज्ज्ञ बिबेक देबरॉय यांनी वृत्तपत्रात लेख लिहून तीच मागणी केली. ते तेव्हा पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे अध्यक्ष होते. जगातल्या लिखित घटनांचे सरासरी आयुष्य अवघे सतरा वर्षे असते आणि आपल्या घटनेवर इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याची मोठी छाया आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे त्यांचे वैयक्तिक मत आहे, असा खुलासा परिषदेने केला. पण याहून जड प्रश्न आपल्याच तरुणांचा आहे. ते विचारतात, "सतराव्या कलमाने अस्पृश्यता गेली म्हणता, मग गटारात उतरून मरणारी माणसे अजून आपलीच कशी?" हा प्रश्न शत्रूचा नाही, दुखावलेल्या मनाचा आहे. त्याला उत्तर देणे आपले कर्तव्य आहे.

आता त्या जाळण्याच्या गोष्टीकडे वळू. ती खोटी नाही. २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेब संतापाने म्हणाले की, घटनेत आपण पुष्कळ काही मनाविरुद्ध लिहिले आणि ती जाळायला आपणच पहिले पुढे येऊ. पण ते कशावर बोलत होते? अल्पसंख्यांच्या रक्षणासाठी राज्यपालाला अधिकार असावेत की नाहीत, या मुद्द्यावर. त्याच भाषणात त्यांनी बजावले की, बहुसंख्यांनी अल्पसंख्यांना डावलू नये, त्यांना दुखावण्यात सर्वात मोठी हानी आहे. पुढे १९ मार्च १९५५ रोजी एका सदस्याने त्यांना या उद्गारांची आठवण दिली, तेव्हा त्यांनी दृष्टांताने खुलासा केला. देवासाठी मंदिर बांधले, पण देवाची स्थापना होण्याआधीच सैतानाने ते बळकावले, तर काय करायचे? म्हणजे त्यांचा राग मंदिरात घुसलेल्यावर होता. दुर्बळांचे रक्षण कमी पडते म्हणून ते संतापले होते. त्यांचे शब्द घेऊन दुर्बळांचे रक्षण आणखी कमी करू पाहणाऱ्याला ते शब्द वापरण्याचा अधिकार नाही.

मग घटना अपरिवर्तनीय आहे काय? नाही. बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितले की, मागच्या पिढीला पुढच्या पिढीचे हात बांधण्याचा हक्क नाही, म्हणूनच घटनेत दुरुस्तीचा मार्ग मोकळा ठेवला आहे. ३६८ व्या कलमाने तो मार्ग दिला आणि २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या. त्यांत वाईटही होत्या. आणीबाणीत १९७६ साली झालेल्या ४२ व्या दुरुस्तीतला बराच अनर्थ १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने निस्तरला. घर पाडावे लागले नाही, डागडुजीने भागले.

याबाबत धम्म काय सांगतो? महापरिनिब्बान सुत्तात वज्जींची कथा आहे. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींवर चाल करून जाऊ पाहत होता. त्याचा मंत्री वस्सकार भगवंतांकडे आला. भगवंतांनी आनंदाला विचारले की, वज्जी वारंवार सभा भरवतात काय, एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात काय, ठरलेले नियम मोडत नाहीत ना? आनंदाने होय म्हटले. तेव्हा भगवंत म्हणाले की, हे चालू आहे तोवर वज्जींची वाढच होईल, ऱ्हास होणार नाही. वस्सकार हुशार होता. वज्जींना युद्धाने नव्हे, फूट पाडूनच जिंकता येईल, हे त्याने ओळखले.

पण त्याच सुत्तात आणखी एक गोष्ट आहे. माझ्यामागे संघाला वाटल्यास त्याने किरकोळ नियम रद्द करावेत, असेही भगवंतांनी सांगितले. पुढे राजगृहाच्या संगीतीत भिक्खूंना किरकोळ कोणते हे ठरवता आले नाही, म्हणून त्यांनी सगळेच नियम राखले. यातून बोध घ्या. बदलाची मुभा आहे, पण किरकोळ काय आणि मूळ काय हे कळल्यावाचून हात लावायचा नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा मतांनी हाच विवेक केला. संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिची मूळ चौकट मोडू शकत नाही, असा तो निर्णय.

आपल्यासारख्या धर्मांतरितांनी तर एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्रात न्याय मिळायला १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने कायदा करून बौद्धांचा समावेश केला. मधली चौतीस वर्षे पुष्कळांनी नोकरीवर पाणी सोडले, पण धम्म सोडला नाही. अर्ज, मोर्चे, निवेदने चालूच राहिली. अन्याय दूर झाला तो घटना फेकून देऊन नव्हे, तिच्याच मार्गाने.

आणि नवी घटना लिहायची तर ती लिहिणार कोण? श्रीलंकेकडे पाहा. १९७२ साली तिथे नवी घटना झाली. तिने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले आणि जुन्या घटनेतले अल्पसंख्यांचे रक्षण करणारे २९ वे कलम गाळले. आपल्याला आनंद वाटावा असेच हे वरवर दिसते. पण तमिळांच्या मनात परकेपणा वाढला आणि १९८३ ते २००९ पर्यंत त्या बेटावर यादवी पेटली. बहुसंख्य जेव्हा कोऱ्या कागदावर लिहू लागतात, तेव्हा पहिली खोडली जाते ती दुबळ्याची ओळ. ते बहुसंख्य आपल्या धर्माचे असले तरीही!

म्हणून त्या तरुणांना मी सांगतो, बाबांनो, भगवंतांचा तराफ्याचा दृष्टांत आठवा. तराफा पैलतीरी जाण्यासाठी असतो, डोक्यावर मिरवण्यासाठी नव्हे. पण नदीच्या मध्यावर तो मोडणारा शहाणा नव्हे. आपण अजून मध्यावर आहोत. समता पैलतीराला आहे. गटारात माणूस मरतो तो सतरावे कलम आहे म्हणून नव्हे, ते कोणी राबवत नाही म्हणून. घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल, हे बाबासाहेबांनी १९४९ सालीच सांगून ठेवले आहे.

मग आपण काय करावे? पहिले, घटनेला हार घालून थांबू नका, ती उघडा. शाळेत मुले उद्देशिका पाठ म्हणतात, पण बंधुता म्हणजे काय विचारले तर खाली पाहतात. मी शिक्षक आहे, हे रोज पाहतो. रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक कलम वाचा, आईबहिणींनाही वाचायला लावा. दुसरे, मतदारयादीत नाव, मुलांचे जातीचे दाखले, सोसायटीची आणि विहाराची सभा यांत हयगय करू नका. वज्जींची सभा म्हणजे हीच. तिसरे, आपल्याच घरात घटना पाळा. मुलीला मुलाइतके शिकवा. दीक्षेनंतरही सोयरीक जमवताना पोटजात विचारणारा माणूस चौदाव्या कलमाचे नाव कोणत्या तोंडाने घेणार?

आपल्या कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी कान्हेरीच्या लेण्यांना दाने दिली, त्यांचे लेख आजही तिथे खडकावर आहेत. त्या डोंगरात पाण्याच्या पोढी खोदलेल्या आहेत. पोढीत गाळ साचला तर शहाणा माणूस गाळ उपसतो, पोढी फोडत नाही. पण गाळ उपसायला खाली उतरावे लागते, काठावर उभे राहून पोढीचा जयजयकार केल्याने पाणी स्वच्छ होत नाही.

जयभीम.